अर्जासाठी गाव गाठायला नको

चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत मराठवाडा-विदर्भातून आलेली कितीतरी जोडपी राबतात. संसार मोडला, तरी ‘लग्न गावी लागलं, म्हणजे केसही तिथंच’ या समजापायी अनेक जणी गप्प बसतात. हा समज खोटा आहे. हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न लागले तिथे, दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथे किंवा जोडीदार राहतो तिथे घटस्फोटाचा अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती स्वतः राहते तिथेही अर्जाचा हक्क दिला.

लग्नाचा दाखला किंवा पत्रिका, फोटो, पत्त्याचा पुरावा जमवणे ही सुरुवात. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी वर्षभर विभक्त राहणे आवश्यक आहे. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले.

वकिलाची फी हा अडसर नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. ही माहिती प्रत्येक कारखान्याच्या सूचनाफलकावर लागावी आणि तारखेच्या दिवशी कंत्राटी कामगाराचाही खाडा धरला जाऊ नये. न्याय मागताना रोजी बुडता कामा नये.