डोळे कधी उघडायचे ते मी ठरवणार!

स्पोर्ट्स कारवर जीव जडण्याची कारणं लॉजिकल नसतात. कुणाला इंजिनाचा आवाज आवडतो, कुणाला नुसता लाल रंग पुरतो. आणि एक अख्खी जमात अशी आहे, जिला फक्त पॉप-अप हेडलाइट्सचं वेड आहे. बॉनेटमधून टुणकन वर येणारे दिवे! दिवसा गाडी डोळे मिटून पडलेली, रात्री टक्क जागी. सही ना?

माझा एक चुलतभाऊ याच जमातीतला. न्यू जर्सीत आयटीतली नोकरी, बायको, मुलगी, घराचे हप्ते आणि या सगळ्यातून पैसे वाचवून घेतलेली सेकंडहँड कॉर्व्हेट, २००२ची. कॉर्व्हेटवाले या पिढीला ‘सी-फाइव्ह’ म्हणतात. १९९७ ते २००४ अशी आठ मॉडेल-वर्षं ती निघाली. पॉप-अप दिव्यांची ती शेवटची कॉर्व्हेट. २००५च्या मॉडेलपासून दिवे काचेमागे, कायमचे उघडे. त्यामुळे हे डोळे मिचकावणं म्हणजे या गाडीची शानच.

तर या साहेबांची फोनवर तक्रार काय? “गाडी माझी, पण दिवे ती तिच्या मनाने लावते!”

त्याच्या गाडीत ‘ट्वायलाइट सेंटिनेल’ नावाचं ऑप्शन आहे. नाव एकदम सायन्स फिक्शन, पण फंडा सोपा. डॅशबोर्डवरचा एक छोटा सेन्सर बाहेर उजेड किती आहे ते बघत बसतो. अंधारलं की दिवे लावतो. आता याची बिल्डिंग बघा. पार्किंग बेसमेंटला. सकाळी दहा वाजता स्टार्टर मारला की सेन्सरला वाटतं रात्र आहे, दिवे वर. रॅम्प चढून उन्हात आला की थोड्या वेळाने दिवे खाली. संध्याकाळी पुन्हा तेच. गंमत वाटते, पण या दिव्यांना वर-खाली करणाऱ्या मोटरच्या आत प्लॅस्टिकचं गिअर आहे. वीस वर्षांनी त्याचे दाते झिजतात. मग मोटर घरघरत फिरत राहते आणि एक दिवा अर्ध्यावर अडकतो. लाखमोलाची स्पोर्ट्स कार आणि चेहरा डोळा मारणाऱ्या कोपऱ्यावरच्या रोमिओचा! म्हणूनच तर पितळी गिअर बसवून घेणं हा सी-फाइव्हवाल्यांचा एक नेहमीचा कार्यक्रम असतो.

यावर ऑफिसमधल्या एका हुशार माणसाने याला सल्ला दिला, सेन्सरवर काळी टेप चिकटव. बॉस, हे बरोब्बर उलटं आहे. टेप लावली की सेन्सरसाठी कायमची अमावस्या. भर दुपारी दिवे वर, आणि ते खाली यायचं नावच नाही. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये उजेड पडला की रेझिस्टन्स कमी होतो, अंधारात वाढतो. त्याला फसवायचं असेल तर अंधार नाही, उजेड दाखवावा लागतो. काही हौशी मंडळी सेन्सरच्या जागी ठरावीक रेझिस्टर जोडून गाडीला ‘कायम दुपार’ असल्याचं पटवतात. फ्यूज काढणं हा आणखी एक आवडता उद्योग, पण त्याच फ्यूजवर दुसरं काय काय चालतं हे आधी बघायला हवं.

माझं मत विचाराल तर वायरला हात लावण्याआधी मॅन्युअल वाचा. सेकंडहँड गाडीबरोबर ते बहुधा आलेलं नसतं, म्हणून तर माणसं टेपकडे वळतात. त्या काळातल्या जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत एक साधी युक्ती चालते. गाडी चालू करण्याआधी हँडब्रेक ओढलेला असला की दिवसा आपोआप लागणारे दिवे लागत नाहीत. हँडब्रेक सोडला की लागले. ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये ही युक्ती भलतीच कामाची. पडद्यावर हीरो-हिरॉइन जवळ येतायत आणि मागून तुमचे दिवे पडद्यावर... मागच्या-पुढच्या गाड्यांतून कोणत्या भाषेत आहेर मिळतो ते सांगायला नको. (मुंबईत बीकेसीला २०२१मध्ये ड्राइव्ह-इन सुरू झालं, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही.)

आणि दिवा अडकलाच तर? बॉनेट उघडायचं, मोटरची गोल मूठ हाताने फिरवायची, दिवा वर. याचा मूळपुरुष १९३६ मॉडेलची कॉर्ड ८१०. तिचे लपलेले दिवे बाहेर काढायला डॅशबोर्डवर दोन हँडल होती, दोन दिव्यांना दोन. ड्रायव्हर स्वतः फिरवायचा. तिथे कुणाच्या मनाने दिवे लागण्याचा प्रश्नच नव्हता!

पण मग दिवे आपोआप लावायची ही हौस कुणाची? सुरुवात उत्तर युरोपातली, जिथे हिवाळ्यात सूर्य धड वर येतच नाही. स्वीडनने १९७७मध्ये दिवसाही दिवे सक्तीचे केले. कॅनडात डिसेंबर १९८९पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत ते आपोआप लागणं बंधनकारक झालं. ऑस्ट्रियाने मात्र २००५मध्ये सक्ती आणली आणि २००८च्या सुरुवातीला चक्क मागे घेतली. अमेरिकेत खुद्द जनरल मोटर्सने २००१मध्ये सक्ती करा म्हणून सरकारकडे अर्ज केला होता. २००९मध्ये तो फेटाळला गेला.

आपल्याकडे कारवाले सुटले, सापडले टू-व्हीलरवाले. १ एप्रिल २०१७पासून नव्या बाइक आणि स्कूटरवर इंजिन चालू की हेडलाइट चालू, बंद करायचं बटणच गायब. तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा माणूस बोटांची उघडझाप करून “ओ, लाइट चालू आहे!” असं सांगायचा आणि आपण प्रत्येकाला मान हलवून थँक्यू म्हणायचो. आठवतंय?

चुलतभावाने शेवटी ऑटोमॅटिक बंद केलं. गाडी त्याची, गिअर त्याचं, त्यामुळे माझी हरकत नाही. त्याच्या बायकोची आहे, आणि तिचा मुद्दा मला जास्त पटतो. ऑटोमॅटिक बंद म्हणजे नुसते पुढचे दिवे बंद नाहीत, मागचे लाल दिवेही बंद. संध्याकाळी साडेसहाला, ना धड उजेड ना अंधार अशा वेळी शहरातल्या झगमगाटात ड्रायव्हरला सगळं नीट दिसतं. फक्त तो मागच्याला दिसत नाही. कॉर्व्हेट मुळात कमरेइतकी ठेंगणी, त्यात मुलगी शेजारच्या सीटवर. कॅनडात अशा गाड्यांना ‘फँटम’ म्हणजे भुताच्या गाड्या म्हणतात. पुढे दिवसाचे दिवे लागलेले, डॅशबोर्ड उजळलेला, म्हणून ड्रायव्हर निश्चिंत आणि मागे काळोख. तिथे सप्टेंबर २०२१पासून नव्या गाड्यांसाठी यावर वेगळा नियमच करावा लागला.

सेन्सरवर डोळे मिटून विसंबणाऱ्यांनीही खूश होऊ नये. त्याला फक्त उजेड कळतो, धुकं नाही. पावसाळ्यात सकाळी खंडाळ्याच्या घाटात पुढची गाडी दिसत नसते, पण पांढऱ्याफटक धुक्यात सेन्सरच्या हिशेबाने दिवस उजाडलेला असतो. तिथे नॉब हातानेच फिरवावा लागतो.

दोघांची तडजोड अशी झालीय, बेसमेंटमधून निघताना ऑटोमॅटिक बंद, ऑफिसातून परतताना चालू. आणि मुलीला एक काम मिळालंय. गाडी पार्किंगच्या भिंतीला पाठ करून उभी राहिली की मागे वळून भिंतीवर लाल उजेड पडलाय का ते बघायचं आणि ओरडून सांगायचं.