श्वानांच्या पाळणाघराचा प्रश्न

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा सुटीच्या दोन दिवसांची चर्चा पुष्कळ झाली. उरलेल्या पाच दिवसांचे काम पावणेदहा ते सव्वासहा असे लांबले, त्याची झळ घरातील एका मुक्या सभासदालाही लागली, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांत पतिपत्नी दोघेही नोकरीवर, मुले शाळेत व शिकवणीत आणि घराला कुलूप, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. अशा घरात हौसेने आणलेले कुत्रे सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत जिन्याखाली बांधलेले असते. वैशाखात पारा चव्वेचाळीस अंशांकडे झेपावतो, वरचे पत्रे तापतात, दुपारी वीज जाते आणि पाण्याचे भांडे कधीच लवंडलेले असते.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांतून थोडाफार येतो तेवढाच; अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. जाहिरातींनी घरोघर पोहोचविलेल्या चपट्या नाकाच्या पगला तेही धड साधत नाही. परंतु उन्हापेक्षा एकटेपणाचा त्रास कमी असतो असे समजण्याचे कारण नाही. जुन्या आळीतील कुत्रे एका घराचे नसून साऱ्या आळीचे असे. धनगरांच्या वाड्यावरचे कुत्रे दिवसभर मेंढरांच्या आणि माणसांच्या संगतीत असते. मराठवाड्यात पिढ्यान्पिढ्या जोपासलेला कारवानी कुत्रा तर मोकळ्या माळावर धावण्यासाठीच घडलेला. त्याला दहा तास दोन हातांच्या साखळीला अडकवायचे आणि मग तो भुंकतो, चपला फाडतो, अंगावर येतो अशी तक्रार करायची, यात न्याय कोणता?

पुण्यामुंबईकडे यावर उपाय म्हणून श्वानांची पाळणाघरे निघाली. ही कल्पना ऐकून अनेकांना हसू येते. नोकरी करणाऱ्या आयांनी मुलांना पाळणाघरात ठेवण्यास आरंभ केला तेव्हाही समाज असाच हसला होता. तेव्हा हसण्याऐवजी निवड कशी करावी, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

पाळणाघर पाहायला जायचे ते संध्याकाळी नव्हे, आणि आगाऊ कळवून तर नव्हेच. दुपारी दोनला जावे. त्या वेळी कुत्री सावलीत मोकळी आहेत की पिंजऱ्यात धापा टाकत आहेत, भांड्यातील पाणी ताजे आहे की सकाळचे, आणि एवढ्या कुत्र्यांमागे जागी असलेली माणसे किती, हे तेव्हाच दिसते. थोर आणि लहान चणीची कुत्री वेगळी ठेवली पाहिजेत. खाऊ घालताना तर अवश्य. आतील भाग दाखविण्यास जो चालक आढेवेढे घेतो, त्याच्याशी दराची बोलणी करण्याचे कारणच उरत नाही.

चालक मालकाला काय विचारतो, ही खरी परीक्षा. लसीकरणाची वही मागितली जात नसेल, तर शेजारच्या कुत्र्याचीही मागितलेली नाही, हे उघड आहे. पिसाळ रोगाची लस वेळेवर पुन्हा दिलेली असणे हे किमान. डिस्टेंपर व पार्व्हो यांच्या लसीही तितक्याच आवश्यक. पार्व्होचा विषाणू फरशीवर व मातीत महिनोन् महिने तग धरतो, आणि एका आजारी पिलामागे अनेक पिले दगावू शकतात. म्हणून लसींचा क्रम पूर्ण न झालेले पिलू कोठेही, कितीही चांगल्या ठिकाणी ठेवू नये. गोचिडांकडे लोक दुर्लक्ष करतात, परंतु रक्तात शिरणारा ताप त्यांच्याकडूनच येतो. माजावर आलेली कुत्री आणि फार म्हातारे जनावर यांना तर घरीच ठेवणे बरे. प्रथम अर्धाच दिवस ठेवून पाहावे. परतल्यावर कुत्रे आधाशासारखे पाणी पीत सुटले, आवाज बसलेला असला किंवा दुसऱ्या दिवशी त्या दारातून आत पाऊल टाकीना, तर त्याने आपले मत दिलेले असते.

कायद्याचा आधार किती? १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने आखूड वा जड साखळीला अवाजवी काळ जनावर बांधणे हा गुन्हा ठरविला खरा, परंतु पहिल्या अपराधाला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. २०१७ व २०१८ चे केंद्रीय नियम आले, त्यांचा मुख्य रोख पैदास आणि विक्री यांवर. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे येथील लोक अभिमानाने म्हणतात. त्या जर्मनीत दुसऱ्यांची कुत्री सांभाळण्याचा धंदा परवान्याविना करता येत नाही, आणि २०२१ च्या नियमानुसार कुत्र्याला मोकळ्या हवेत पुरेसे फिरू देणे बंधनकारक आहे. म्हणीतील तुलना तेवढ्यापुरती तरी खरी करावी.

परभणीत तशी साधने नाहीत असे नाही. १९७२ पासून येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या देखरेखीखाली, तेथील विद्यार्थ्यांच्या हातून, एखादे छोटे आदर्श पाळणाघर उभे राहिले तर विद्यार्थ्यांना अनुभव मिळेल आणि महानगरपालिकेला परवान्याच्या अटी ठरविण्यासाठी नमुना. उन्हाळी सुटीत गावी निघालेले शिक्षक कुटुंब कुत्र्याला 'कोणीतरी घालील भाकर' म्हणून रस्त्यावर सोडते, तेव्हा भटक्या कुत्र्यांत आणखी एकाची भर पडते. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके येथून भटकी कुत्री हलविण्याचा आदेश दिला. ज्या शाळेच्या आवारातून ती हलवायची, तेथलेच कोणी एखाद्या कुत्र्याचे पूर्वीचे धनी निघावे, हे काही अशक्य नाही.

तोपर्यंत तालुक्याच्या गावी पाळणाघराची वाट पाहत बसण्याची गरज नाही. शेजारचा निवृत्त शिपाई किंवा कॉलेजचा गरजू विद्यार्थी दुपारी बाराला व चारला फेरी मारून पाणी बदलील, कुत्रे सावलीत नेईल. त्याला महिन्याचे पैसे ठरवून द्यावेत, उपकार म्हणून फुकट राबवू नये. आणि किल्लीबरोबर लसीची वही व पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांकही त्याच्या हाती द्यावा.