खोक्यावरचे वॅट

होम थिएटरच्या खोक्यावर ‘१००० वॅट’ असे ठसठशीत छापलेले दिसले, तर यंत्राच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरेही वाचा. तेथे वीजवापर ४० वॅट लिहिलेला असेल, तर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आठवा. भिंतीतून ४० वॅट घेणारे यंत्र सतत १००० वॅट देणार कोठून? असा आकडा बहुधा ‘पीएमपीओ’चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो, आणि तो मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही. अमेरिकेत फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी १९७४ साली नियम झाला, की अँप्लिफायरची सतत टिकणारी शक्ती जाहीर केली पाहिजे. दुकानदाराला तुम्ही तीच विचारा. बहुतेक ती ‘आरएमएस’ या नावाने दिलेली असते.

पण आमच्या मते वॅटच्याही आधी स्पीकरची संवेदनक्षमता विचारावी. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो, ते हा आकडा सांगतो. घरगुती स्पीकरांत तो साधारण ८५ ते ९० असतो. डेसिबलचे माप लॉगॅरिथमचे. त्यामुळे शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॅटमध्ये जे काम करतो, त्यासाठी ८७ डेसिबलच्या स्पीकरला ५० वॅट लागतात! दुप्पट वॅटचा अँप्लिफायर घेण्यात पैसे घालणारे हा हिशेब क्वचितच करतात.

बैठकीच्या खोलीत गाणे ऐकताना सरासरी एक वॅटही पुष्कळ होतो. मग मोठा अँप्लिफायर हवाच कशाला? तबल्याची जोरकस थाप किंवा चित्रपटातला स्फोट सरासरीपेक्षा १० ते २० डेसिबल वर उसळतो. त्या क्षणी दहापट ते शंभरपट शक्ती लागते.

ती नसली तर काय होते, ते माझ्या पाहण्यात आले आहे. एका शाळेने मुलांच्या वर्गणीतून १०० वॅटचे स्पीकर घेतले आणि ‘जपून वापरू’ म्हणून अँप्लिफायर मात्र लहान जोडला. स्नेहसंमेलनात आवाज पुरेना, म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवले. अर्ध्या तासात दोन्ही ट्वीटर जळाले. लहान अँप्लिफायर सुरक्षित, हा समज येथेच फसतो. झेपेनासे झाले की तो तरंगाचे माथे सपाट कापतो. गोलाईदार तरंग पार चौकोनी झाला, तर तेवढ्याच उंचीत त्याची शक्ती दुप्पट होते; शिवाय त्यात उच्च कंप्रतेचे नवे तरंग मिसळतात. ते जातात नाजूक ट्वीटरकडे. स्पीकरला मिळालेल्या विजेतला जेमतेम शंभरावा भाग आवाज होतो, बाकीची उष्णता. ट्वीटरचे केसासारखे बारीक तारेचे वेटोळे ती किती सोसणार?

म्हणून अँप्लिफायरची सतत शक्ती स्पीकरच्या सतत शक्तीइतकी किंवा थोडी जास्त असावी, आणि आवाज चिरका होऊ लागताच बटण मागे घ्यावे. ओहमही जुळलेले पाहावेत: आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात आणि अँप्लिफायरला दुप्पट प्रवाह द्यावा लागतो.

शिक्षकांना एक विनंती. लॉगॅरिथमच्या तासाला कोष्टके पाठ करून घेण्याऐवजी एकदा एखाद्या स्पीकरचे माहितीपत्रक वर्गात आणा आणि ८७ व ९० यांतला फरक मुलांना वॅटमध्ये काढू द्या.