गंजाची हौस

गंजाशी माझं वैर नाही. आमच्या गॅलरीच्या गजांवर तो कित्येक वर्षं सुखाने नांदतो आहे. पण जिथं लोखंडच नाही तिथंही गंज चढवणारी एक जमात छोटी मॉडेलं करणाऱ्यांत माजली आहे, आणि तिच्याविरुद्ध कुणीतरी चार शब्द बोलायलाच हवेत. दुसरं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

या जमातीच्या धर्माचं नाव 'वेदरिंग'. म्हणजे काय, तर आधी महिनाभर खपून मॉडेल सुबक जोडायचं, रंगवायचं, आणि मग आणखी महिनाभर खपून ते खराब करायचं. फटीफटींत तपकिरी रंगाचं पाणी सोडायचं, कोरड्या कुंचल्याने कडा झिजवायच्या, तांबडी भुकटी चोळून गंजाचे ओघळ काढायचे. रणगाड्याला हे शोभतं. मालगाडीच्या डब्याला तर शोभतंच शोभतं. पण या मंडळींच्या हाती ब्रिटनची लाइफबोट लागली, की माझा तोल सुटतो.

लाइफबोट म्हणजे वादळात सापडलेल्यांना सोडवायला किनाऱ्यावरून निघणारी बोट. ब्रिटन-आयर्लंडमध्ये हे काम 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' ही संस्था १८२४ सालापासून करते आहे. संस्था चालते मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर, आणि बोटीवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक. बोटीचं अंग गर्द निळं, त्यावर लाल पट्टा, वरची केबिन भडक नारिंगी. हा नारिंगी रंग काही हौसेखातर दिलेला नाही. करड्या समुद्रात बुडणाऱ्याला तो लांबून दिसावा, हा त्याचा हेतू.

आता यांच्या 'सेव्हर्न' जातीच्या बोटीचं उदाहरण घ्या. लांबी १७ मीटर, अंग तंतू आणि रेझिन यांचं. अशा अंगाला गंज चढत नाही. त्याने कितीही ठरवलं तरी चढत नाही. आपल्याकडे प्लॅस्टिकच्या बादलीला गंज चढलेला कुणी पाहिला आहे काय? तरी 'एअरफिक्स'चं १:७२ प्रमाणातलं मॉडेल घेऊन हे कलावंत निळ्या अंगावर तांबडे ओघळ काढतात आणि वर म्हणतात, "बघा, कसं अस्सल दिसतंय!"

जरा त्रैराशिक मांडा. मॉडेलवरचा ३ मिलिमीटरचा डाग म्हणजे खऱ्या बोटीवर २१६ मिलिमीटरचा, चांगला वीतभर! एवढं भोक पडत आलेली बोट वादळात कोण नेईल? शिवाय मॉडेल आपण हातभर अंतरावरून बघतो. अर्धा मीटर धरा. ७२ ने गुणलं की ३६ मीटर. म्हणजे खरी बोट ३६ मीटरवरून पाहिल्यासारखं झालं. तेवढ्या लांबून स्क्रूभोवतीचा मळ दिसत असेल, तर त्या माणसाने मॉडेलं सोडून हेरखात्यात जावं.

गंमत अशी, की हीच मंडळी रंगाच्या बाबतीत भलती सोवळी. 'ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी' नावाचा रंगांचा एक तक्ता आहे. त्यात नारिंगीचा क्रमांक ५९२, सिग्नल रेडचा ५३७. या क्रमांकांवरून दोन मित्रांचं बोलणं बंद होऊ शकतं. खरं तर बोटीवरचा रंग जसाच्या तसा वीतभर मॉडेलवर लावला तर तो जड वाटतो. थेंबभर पांढरा मिसळावा लागतो. जुन्या छापील फोटोवरून छटा ठरवावी, तर फोटोचेच रंग विटलेले. पण नाही! क्रमांकासाठी तीन दुकानं पालथी घालायची आणि मिळालेल्या अस्सल रंगावर चिखल फासायचा. सोवळं नेसून गटारात उतरावं, तसं हे.

यावर उत्तर ठरलेलं असतं : "अहो, खाऱ्या पाण्यात बोट खराब होणारच!" होणार ना. पण हे त्या दर्यावर्दींना ठाऊक नाही असं का वाटतं तुम्हाला? बोट परत आली, की माणसं दमलेली असोत, रात्रीचे तीन वाजलेले असोत, ती आधी गोड्या पाण्याने धुतात, तेल भरतात, पुढच्या हाकेला तयार करतात, आणि मग घरी जातात. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री पेन्लीच्या 'सॉलोमन ब्राउन' बोटीवरून गेलेले आठ जण घरी परतलेच नाहीत. पुढची हाक कसली असेल, हे धुताना कुणालाच ठाऊक नसतं. ती स्वच्छता म्हणजे चैन नव्हे, तयारी आहे. रोज चिंच लावून घासलेला तांब्या 'तांब्याला कळंक चढतोच' म्हणून कुणी हिरवा रंगवला, तर घासणारी बाई त्याला उभा करील का?

मळवायचंच असेल तर कारण शोधून मळवा. उतारावरून घसरत पाण्यात जाणाऱ्या बोटीच्या कण्याला वंगण लागतं, ते दाखवा. दुसऱ्या बोटीला बिलगून माणसं उतरवून घेताना कडेला घासल्याच्या खुणा पडतात, त्या दाखवा. वाळूवरून बोट ओढणाऱ्या ट्रॅक्टरला चिखल हवा तेवढा लावा. तो काही म्हणणार नाही.

'टायटॅनिक'वरच्या वीस बोटींनाही यांनी सोडलेलं नाही. जहाज साउदॅम्प्टनहून निघालं १० एप्रिल १९१२ ला आणि बुडालं १५ ला. पहिलाच प्रवास, बोटी नव्याकोऱ्या. पण मॉडेलात त्या जुनाट, पोपडे उडालेल्या! पाच दिवसांच्या नवरीच्या तोंडावर सुरकुत्या काढण्याचा हा प्रकार. आमच्या सिनेमात गरीब दाखवायचा म्हणजे शर्टाला ठिगळ लावायचं. तशी यांच्या लेखी जुनी गोष्ट म्हणजे मळकी गोष्ट.

मळण्याचा खरा हक्क आहे तो शॅकल्टनच्या 'जेम्स केर्ड'ला. अंटार्क्टिकाच्या बर्फाने जहाज चिरडल्यावर २४ एप्रिल १९१६ रोजी सहा जण या जेमतेम ७ मीटरच्या बोटीतून निघाले आणि सुमारे ८०० सागरी मैल कापून १० मे ला साउथ जॉर्जियाला लागले. बोटीच्या फटी बुजवायला डांबर नव्हतं. मग मॅकनिश या सुताराने दिव्याच्या वाती ठासल्या आणि त्यांवर मोहिमेतला चित्रकार मार्स्टन याच्या पेटीतले तैलरंग आणि सीलचं रक्त थापलं. चित्रं काढायचे रंग गेले पाणी अडवायला! ती बोट लंडनच्या डलिच कॉलेजात आहे. तिचं मॉडेल करा आणि खुशाल वाटेल तेवढं मळवा. तिथला प्रत्येक डाग कुणाच्या तरी प्राणांसाठी पडलेला आहे.

पण आजच्या बोटीवरून ती भुकटी पुसा. "फारच नवी दिसते हो, खेळण्यासारखी," असं कुणी नाक मुरडून म्हणालंच, तर त्याला सांगा, नवी नाही. रात्री तीनला धुतलेली आहे.