हाड जुळले, ठिसूळपणा राहिला!
प्रतिनिधी, मुंबई

न्हाणीघरात पाय घसरल्याचे निमित्त होते आणि साठी ओलांडलेल्या गृहिणीचे मनगट मोडते. काही आठवड्यांनी प्लॅस्टर निघते आणि उपचार संपले, असे घरचे मानतात. वास्तविक, किरकोळ पडण्याने हाड मोडणे हा ऑस्टिओपोरोसिसचा, म्हणजेच हाडांच्या ठिसूळपणाचा इशारा असतो. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास पुढचा अस्थिभंग मणक्याचा किंवा खुब्याचा असू शकतो.

हा इशारा टिपायचा कोणी? अस्थिशल्यचिकित्सकाचे लक्ष मोडलेल्या हाडावर, तर फॅमिली डॉक्टरचे रक्तदाब आणि साखरेवर. दोघांच्या मधल्या फटीत रुग्ण हरवतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराने १९९९ मध्ये ही फट बुजवण्याचे काम परिचारिकांकडे सोपवले. पन्नाशीपुढील अस्थिभंगाच्या रुग्णांची नोंद ठेवणे, हाडांची घनता तपासून घेणे आणि उपचारांची शिफारस फॅमिली डॉक्टरपर्यंत पोहोचवणे, हे त्यांचे काम. पुढे अनेक देशांनी हे प्रारूप स्वीकारले.

औषध लिहून दिले की काम भागत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते. त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही की काही खायचे नाही. हे पथ्य मोडले की छातीत जळजळ होते. गुण आल्याचेही जाणवत नाही, मग रुग्ण परस्पर गोळी थांबवतो. हे आधी कळते ते पाठपुरावा करणाऱ्या परिचारिकेलाच. मात्र मूत्रपिंडाचे कार्य व कॅल्शियम तपासून औषध ठरवणे आणि ते कधी थांबवायचे हे सांगणे, ही जबाबदारी डॉक्टरचीच.

आपल्याकडे २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. तिशीपुढील नागरिकांच्या तपासणीत मधुमेह, रक्तदाब आणि तीन प्रकारचे कर्करोग आले. ठिसूळ हाडे नाहीत. तरीही ‘आशा’ सेविकांच्या अर्जात साठीपुढील व्यक्तींना उभे राहताना वा चालताना तोल जातो का, हे विचारले जाते. त्यालाच ‘पन्नाशीनंतर हाड मोडले होते का?’ या प्रश्नाची जोड देता येईल. घनता मोजणारे डेक्सा यंत्र जवळ नसले तरी वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग यांसारख्या माहितीवरून ‘फ्रॅक्स’ पद्धतीने धोक्याचा अंदाज बांधता येतो. परिचारिका ती माहिती सहज भरू शकते.

परंतु नोंदवह्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या परिचारिकेच्या हाती आणखी एक वही देणे म्हणजे सहकार्य नव्हे. तिने नोंदवलेल्या प्रत्येक रुग्णाबाबत डॉक्टरने ठरावीक मुदतीत निर्णय कळवणे बंधनकारक हवे आणि या कामासाठी तिला वेळही राखून द्यायला हवा. अन्यथा मनगटाचे प्लॅस्टर निघालेली तीच आजी उद्या खुबा मोडून स्ट्रेचरवरून परत येईल.