ताशी नॉट!

‘जहाज ताशी 20 नॉट वेगानं निघालं’ असं छापलेलं दिसलं, की आमचा सकाळचा चहा कडू होतो. अहो, नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल! ‘ताशी’ त्याच्या पोटातच बसलेला आहे. त्यावर आणखी एक ‘ताशी’ चढवणं म्हणजे पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र. बरं, काटेकोर हिशेब केला तर अर्थच पालटतो. ‘ताशी 20 नॉट’ म्हणजे वेग दर तासाला 20 नॉटनं वाढतो आहे. असं जहाज भाऊच्या धक्क्यावरून आज सुटलं, तर उद्या याच वेळी 480 नॉटनं, म्हणजे जेट विमानाच्या बरोबरीनं धावत असेल! खलाशांनी टोप्या तरी कशा सांभाळायच्या?

मूळ प्रकार किती साधा! शिडाच्या जहाजांवर एका दोरीला ठरावीक अंतरानं गाठी मारलेल्या असत. टोकाला लाकडाची फळी. ती मागं पाण्यात सोडली की जवळजवळ तिथंच राहायची, जहाज पुढं जायचं, दोरी सुटत जायची. 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून जेवढ्या गाठी सरकल्या, तेवढे नॉट. तास, मैल, सगळं गाठींच्या अंतरातच बांधलेलं. पुढं विमानांनीही हेच माप घेतलं. शेपटीला दोरी तेवढी बांधली नाही.

‘आता किलोमीटर आले, हे साहेबी माप टाका की!’ असं सुचवणारेही भेटतात. त्यांनी नकाशा उघडावा. सागरी मैल 1852 मीटरचा, म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. तो साहेबाच्या नव्हे, पृथ्वीच्या अंगावर बेतलेला आहे.

आमच्या ओळखीचे एक उपसंपादक म्हणतात, ‘भावना पोचल्याशी कारण!’ भावना पोचत असतील हो, वारा भलताच पोचतो. ‘ताशी 48’ एवढं वाचलं, की आपला माणूस पुढचं ‘किलोमीटर’ मनातल्या मनात म्हणून टाकतो. 48? एवढ्यानं तर स्कूटर जाते! प्रत्यक्षात 48 नॉट म्हणजे ताशी 89 किलोमीटर, आणि हवामान खात्याचं ‘तीव्र चक्रीवादळ’ तिथूनच सुरू होतं. 3 जून 2020 ला अलिबागजवळ धडकलेलं ‘निसर्ग’ याच जातीचं. त्यानं नारळी-पोफळीच्या बागा कशा झोपवल्या, ते तिथल्या बागाईतदारांना विचारा. मुरलेल्या दर्यावर्दीला नॉट कळतो. पण छपराचे पत्रे बांधायचे की नाही हे ठरवणाऱ्याच्या हातात आपलं वर्तमानपत्रच असतं.

तेव्हा ‘48 नॉट, म्हणजे ताशी 89 किलोमीटर’ असं सरळ छापा. ‘ताशी’ची एवढी हौसच असेल, तर तो किलोमीटरला लावा. तिथं त्याच्यावाचून खरंच अडतं.