पायऱ्यांचा ज्वालामुखी

संग्रहालय म्हटले की आपल्याला काचेची कपाटे आठवतात. कपाटात तलवार, तलवारीखाली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर साल. तलवारीपुरते हे ठीक आहे. पण जी वस्तू साऱ्या मुलुखात मावत नाही, तिचे संग्रहालय करायचे कसे? ज्वालामुखीला कोणत्या कपाटात ठेवायचे?

मराठी शिकवणाऱ्या माणसाने असल्या प्रश्नाच्या वाटेला जाऊ नये, हे खरे. परंतु आमचा भाचा वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि त्याने प्रकल्पाला विषयच हा घेतला: ज्वालामुखीने घडवलेल्या भूमीतून सुचलेले संग्रहालय. जागाही निवडली ती आमच्या गावची. गावाच्या पूर्वेला एक टेकडी होती. ‘होती’ म्हणतो, कारण तिची खडी होऊन ती आता कुठल्या कुठल्या रस्त्यांखाली पसरली आहे. उरला आहे तो उभा कापलेला कडा आणि त्याच्या पायाशी साचलेले हिरवे पाणी. आता ती खाण भराव टाकून बुजवावी, असे गावात घाटते आहे.

भाच्याने पहिला आराखडा दाखवला. मधोमध एक भला मोठा शंकू, त्याला वर तोंड, तोंडातून तांबडा उजेड.

“मामा, कसा वाटतो?”

“मोदकासारखा,” आमची मंडळी आतून म्हणाली.

मी म्हटले, “अरे, ही नुसती उपमा झाली. ज्वालामुखीसारखे घर! ज्वालामुखीने तुला सांगितले काय, ते यात कुठे आहे?”

तो चिडला नाही. त्याने जगातले दाखले पुढे मांडले, आणि वाचकहो, ते ऐकताना माझा चहा निवून गेला.

पहिला फ्रान्समधला. ओव्हेर्न्य प्रांतात विझलेल्या ज्वालामुखींची रांगच्या रांग आहे. तिथे २००२ साली ‘व्हल्केनिया’ उघडले. हान्स होलाइन या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पकाराने त्याचा बराचसा भाग जमिनीखाली नेला. वर दिसतो तो एक शंकू: बाहेरून काळ्या लाव्हाशिळेचा, आतून सोनेरी धातूचा. “म्हणजे शंकू चालतो!” भाचा विजयी मुद्रेने म्हणाला. चालतो, कारण तिथल्या क्षितिजावर शंकूच आहेत.

दुसरा स्पेनच्या लान्सारोते बेटावरचा. तिथे १७३० ते १७३६ अशी सहा वर्षे लाव्हा वाहिला आणि बेटाचा सुमारे चौथा हिस्सा त्याखाली गेला. सेसार मान्रिके हा तिथलाच चित्रकार. न्यूयॉर्कहून परतल्यावर त्याने घरासाठी निवडले ते त्याच लाव्हाचे ओसाड रान. वाहता लाव्हा थिजताना आत वायूचे मोठे बुडबुडे राहिले होते. असे पाच बुडबुडे त्याने खोल्या म्हणून वापरले. एका खिडकीतून तर काळा लाव्हा थेट खोलीत उतरल्यासारखा दिसतो. १९९२ साली ते घर लोकांसाठी खुले झाले. त्याच वर्षी मान्रिके मोटार-अपघातात गेला. याच मान्रिकेने तिथली एक लाव्हाची गुहा लोकांना पाहता येईल अशी सजवली. तिच्या तळ्यात इवलेसे पांढरे, आंधळे खेकडे राहतात. पाण्यात नाणी टाकायला तिथे बंदी आहे, कारण गंजणारा धातू त्या जिवांना बाधतो. पाहुण्याने यजमानाच्या घरी कसे वागावे, याचा हा धडाच म्हणायचा.

तिसरा आइसलंडजवळच्या हेमाए बेटावरचा. २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर गावाला लागूनच जमीन फाटली आणि आगीची भिंत उभी राहिली. आदल्या दिवशी वादळ होते म्हणून मासेमारीच्या होड्या बंदरातच होत्या. त्या होड्यांतून सुमारे ५,३०० माणसे रातोरात बाहेर पडली. उद्रेक जुलैपर्यंत चालला. बंदर वाचवायला लोकांनी महिनोन्महिने समुद्राचे पाणी लाव्हावर मारले आणि बंदर वाचवले. तरी सुमारे ४०० घरे गेली. पुढे राखेतून एक घर उकरून काढले आणि त्याच्याभोवती संग्रहालय उभे केले. ते २०१४ साली उघडले. नाव ‘एल्डहेमार’, आपल्या भाषेत अग्निलोक. वस्तू आणून संग्रहालयात ठेवायची, हा रिवाज. इथे वस्तू जागची हलली नाही. संग्रहालयच तिच्याकडे चालत आले.

“मग आपला ज्वालामुखी कसा होता, ते पाहिलेस का?” मी विचारले.

इथे गाडी अडली. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो मुख्यतः शंकूच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला. पातळ, सपाट पसरत गेला. थरावर थर चढले. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. इंग्रज भूवैज्ञानिकांनी या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटले, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. म्हणजे शंकू आमचा नव्हेच, पायरी आमची! वेरूळचे कैलास लेणे याच थरांत वरून खाली कोरले. मुंबईचे जुने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तेही कुर्ल्याच्या काळ्या आणि मालाडच्या पिवळसर दगडात बांधले, आणि दोन्ही दगड आगीतूनच आलेले. आत काय ठेवले आहे ते आपण तिकीट काढून पाहतो. भिंतीकडे कुणी पाहत नाही. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, लाव्हा निवताना तयार झालेले उभे दगडी खांब, सुमारे साठ मीटर उंच, आज इमारतींच्या घोळक्यात उभी आहे. तिलाही येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वर करून पाहिले तर पुष्कळ.

भाच्याने शंकू खोडला. महिनाभराने नवा आराखडा आणला तेव्हा त्यात इमारत शोधावी लागत होती. खाणीच्या कापलेल्या कड्यासमोर उतरत जाणाऱ्या पायऱ्या, वर साधे छप्पर, बस्स. कडा हेच दालन. विहीर खणणाऱ्यांचे शब्दच त्याने पाट्यांवर घेतले आहेत: वर मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा फत्तर. मधूनच तांबड्या मातीचा पट्टा. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत लोटलेल्या काळाची ती खूण. भोकाभोकांतून पांढऱ्या गारा चमकतात.

त्याची आई, म्हणजे आमची ताई, आराखडा बराच वेळ पाहत बसली. या टेकडीवर तिने लहानपणी करवंदे वेचली आहेत. शेवटी म्हणाली, “टेकडी तर परत येत नाही. पण हे बुजवले तर ती होती हेसुद्धा कुणाला कळायचे नाही.”

संग्रहालयाची याहून नेमकी व्याख्या मी वर्गात कधी सांगू शकलो नसतो. भाचा आता हा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवणार आहे. पैसे नाहीत, परवानगी नाही आणि भरावाचे ट्रक ठरण्याच्या बेतात आहेत. तो मागतो आहे ते एवढेच, की कडा तूर्त झाकू नका. छप्पर दहा वर्षांनी घालता येईल; बुजवलेला कडा पुन्हा कोण उकरणार?

वाचकहो, या दिवाळीत आपली मुले अंगणात, गच्चीत किल्ला करतील. मावळे मांडण्याआधी त्यांच्या हातातला काळा दगड एकदा उन्हात धरायला सांगा. आपल्याकडचा तो सर्वांत जुना ऐवज आहे, आणि त्याला अजून कपाट लागलेले नाही.